गावच्या संग्रहालयात सगळ्यांना सहज येता यावं म्हणून काय करावं?

प्रश्न: बेळगावच्या खानापूर तालुक्यात जुन्या वाड्यात छोटं संग्रहालय करतोय. जोतं ४५ सेंमी उंच आहे. व्हीलचेअरवाले, म्हातारी माणसं, अंध मुलं यांची सोय कशी करावी?

उत्तर १: रॅम्पला १:१२ उतार धरा, म्हणजे एक सेंमी उंचीला बारा सेंमी लांबी; तुमच्या ४५ सेंमीला ५.४ मीटर. रुंदी निदान १.२ मीटर, वर-खाली दीड मीटर सपाट जागा, दोन्हीकडे कठडा. जागा कमी म्हणून चढ उभा केला की खुर्ची मागे उलटते. आपल्या पावसात गुळगुळीत फरशी अजिबात नको. काँक्रीट ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढा.

उत्तर २: आणि उंबरा! तो तसाच राहिला तर रॅम्प वाया. दोन्हीकडून उतरती फळी बसवा, दार ९० सेंमी मोकळं ठेवा. फलक मराठी-कन्नड दोन्हीत, ठळक अक्षरांत. चकचकीत लॅमिनेशन नको, उजेडात वाचता येत नाही.

उत्तर ३: अंध मुलं हात लावूनच बघणार, पण मूळ वस्तू हाताळल्या की घामाने धातू गंजतो. खानापुरी मातीच्या भाजलेल्या प्रतिकृती करा, शेजारी ब्रेल पट्टी. ज्येष्ठांसाठी जातं, कंदील, पाटा-वरवंटा मांडून गप्पांची सकाळ ठेवा. पाच-सहाच जण बसवा. गलका झाला की कमी ऐकू येणारे गप्प होतात. खुर्च्या हातांच्याच घ्या काका, त्याशिवाय उठवत नाही.