फेलोशिप संपली, थिसिस राहिला. नोकरी धरली तर काय चुकलं?

अर्धा_डॉक्टर
परवा लॅबमधल्या ज्युनिअरचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणतो, "दादा, सर म्हणतात तुम्ही पळून गेलात." डोक्यात गेलं, म्हणून हा धागा.

हिशोब मांडतो. जानेवारी 2020 ला पुण्यात पीएचडीला जेआरएफवर, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपवर लागलो, ऑरगॅनिक केमिस्ट्री. महिना 31,000, वर घरभाडं. मार्चमध्ये लॅबला कुलूप लागलं, ते उघडून काम रुळावर येईतो वर्ष गेलं. दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनिअर फेलो झालो, 35,000. जानेवारी 2023 पासून 42,000, पण ते जाहीर झालं जूनमध्ये आणि हातात पडलं त्याच्याही बरंच नंतर. डिसेंबर 2024 ला पाच वर्षं भरली, फेलोशिप बंद. पीएचडीची नोंदणी मात्र सहा वर्षांची.

तेव्हा थिसिसची दोन प्रकरणं लिहून तयार होती. तिसऱ्यातलं शेवटचं संयुग काही केल्या शुद्ध होत नव्हतं. टीएलसीवर, म्हणजे शुद्धता तपासायच्या पट्टीवर, दोन ठिपके जुळ्या भावांसारखे चिकटलेले. सॉल्व्हंट बदला, कॉलममधली (मिश्रण वेगळं करायच्या नळीतली) सिलिका बदला, ते हलेनात. तीन महिने त्या दोन ठिपक्यांकडे बघत काढले. मार्चअखेर खात्यात 11,000 होते आणि खोलीचं भाडं 9,000. एप्रिलमध्ये हैदराबादच्या एका कंपनीत साडेआठ लाखांवर लागलो.

माझं म्हणणं सरळ आहे. पैसे पाच वर्षांचे आणि काम सहा वर्षांचं असेल, तर सहावं वर्ष फक्त ज्याच्या घरून पैसे येतात त्यालाच परवडतं. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. बाकीच्यांनी नोकरी दिसली की धरावी, लाज बाळगू नये. पूर्वी आधी एमफिल ही छोटी संशोधन पदवी करून पुढचं ठरवता यायचं. 2022 च्या नियमांनी एमफिलही बंद झाली. वडिलांच्या भाषेत, गाडी विनाथांबा झाली. मधे उतरलात तर हातात तिकीटसुद्धा राहत नाही.

कॉलमवाली
पळून गेलास असं मी म्हणणार नाही, पण चुकलास असं म्हणेन. मीही केमिस्ट्रीचीच, मीही पाच वर्षं फेलोशिपवर. माझं सहावं वर्ष आठ महिन्यांचं झालं आणि ते मी माझ्याच पैशावर काढलं. पहिल्या महिन्यापासून 5,000 ची आरडी होती. कारण हुशारी नव्हे, धास्ती. घरी वडिलांचं एकच पालुपद, "किती दिवस शिकणार, स्थळं थांबत नाहीत." महिन्याला 8,000 घरी पाठवायला लागले तसं ते पालुपद बंद झालं. तुम्हा मुलांना फेलोशिप म्हणजे तुटपुंजा पगार वाटतो. मला ती पाच वर्षांची मोकळीक होती, आणि ती संपायच्या आत पदवी हातात हवी हे मी रोज मोजत होते.

आता मी कंपनीत सायंटिस्ट आहे. शेजारच्या टेबलावरचे एक सर एमएस्सीवर लागलेले, अनुभव माझ्या दुप्पट, हात माझ्यापेक्षा साफ. तरी अहवालावर शेवटची सही माझी. हे योग्य नाही, पण आहे असं. साडेआठ लाखांवर लागलास ते पीएचडी "चालू" असल्याच्या जोरावर ना? तो जोर दोन वर्षांत ओसरतो.

तासिकावाला
दोघांचं वाचून हसू आलं. माझ्याकडे पदवी आहे. इतिहास, मराठवाडा. घरात काळ्या गाउनमधला फोटोही आहे. गेली चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. मेमध्ये कॉलेज बंद, तासिका बंद, पैसे बंद. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच झेरॉक्स. कायम जागा निघते तेव्हा आधी आकडा कानावर येतो आणि मग जाहिरात.

जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरते, पीएचडी सक्तीची राहिली नाही. पुढे असोसिएट प्राध्यापक व्हायला लागते, पण तिथवर पोचायला आधी आत तर घ्यायला हवं! अर्धा_डॉक्टर, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. ताई, तुमची कंपनी केमिस्ट्रीवाल्यांना सही देते. शिवकालीन महसुलावर सही कोण देणार?

बैलगाडा_बुल
दर महिना 10,000 ची एसआयपी केली असती तर हा धागाच निघाला नसता. बेसिक आहे हे.

निवृत्त_पासबुक
बुलराव, सहा महिन्यांनी पीठमिठाला लागणारा पैसा शेअरबाजारात ठेवत नाहीत. तेव्हा बाजार पडलेला असला तर काय विकणार? अशा पैशाला आरडी किंवा एफडीच. पीपीएफसुद्धा नको, ती पंधरा वर्षांची. वर्षाला 500 टाकून खातं जिवंत ठेवा, बस.

बत्तीस वर्षं बँकेत होतो, पुण्यातली बरीच संशोधक मुलं काउंटरला यायची. फेलोशिप शिष्यवृत्तीत धरतात, म्हणून करमुक्त. मुलं खूश. पण फॉर्म 16 नाही, पीएफ नाही. मग हीच मुलं क्रेडिट कार्ड मागायला आली की सिस्टिम विचारी, उत्पन्नाचा पुरावा? मी सांगायचो, एफडीवर कार्ड घे आणि कर शून्य असला तरी रिटर्न भर. दहांतला एक ऐकायचा.

आणि अरिअर्स, म्हणजे साचलेली थकबाकी! सहा महिने काही नाही, मग एके दिवशी लाख-दीड लाख. दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये. अर्धा_डॉक्टर, खरं सांगा बाळ, तुमचे अरिअर्स कुठे गेले?

अर्धा_डॉक्टर
बुलेट. सेकंड हँड. पासबुककाका, तुम्ही सीआयडीत असायला हवे होतात.

पण कॉलमवाली ताई, 5,000 ची आरडी मलाही सुचली होती. दुसऱ्या वर्षी फेलोशिप सलग सात महिने आली नाही. कागद इकडून तिकडे, तिकडून इकडे. मित्राकडून उसने घेतले, आरडी मोडली, पैसे आल्यावर आधी त्याचे फेडले. वेळेवर येणाऱ्या पैशावर आरडी चालते. आणि बुलेट नसती घेतली तरी चारच महिने सुटले असते. त्यात ते दोन ठिपके सुटले असते का, हे तुम्हीच सांगा, तुम्ही कॉलमवाल्या.

खुर्चीपलीकडून
मी गाईड आहे. तुझा नव्हे, घाबरू नकोस. "पळून गेला" हे बोलायला नको होतं, मात्र ते कुठून येतं ते सांगतो. विद्यार्थी शेवटच्या वर्षी जातो तेव्हा त्याच्या हातातलं कसब घेऊन जातो. ती रिअ‍ॅक्शन बाटलीवर चिकटवलेल्या लेबलावरून दुसऱ्याला येत नाही. प्रकल्पाचा अहवाल मात्र मलाच द्यायचा असतो.

तरी चूक आमचीही. पाचवं वर्ष लागलं की पैशाचं काय, हे आम्ही विचारतच नाही. प्रकल्पात असिस्टंटची जागा असेल तर सहा-आठ महिने तिथे बसवता येतं. मी दोघांना बसवलं आहे. तू मागितली होतीस का?

आणि नोंदणी रद्द करून घेतलीस का? घेतली नसशील तर थांब. सहा वर्षांनंतर पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षं मिळू शकतात, मुलींना त्याहून दोन जास्त. विद्यापीठ मानायला हवं, गाईडची सही हवी, कंपनीची ना हरकत हवी. कटकट आहे, पण दार बंद नाही.

तासिकावाला
सर, तुमच्यासारखे गाईड कुठे मिळतात? आमचे भाजी आणायला पाठवायचे.

अर्धा_डॉक्टर
मागितली नव्हती सर. मागायची असते हेच माहीत नव्हतं. खरं तर माहीत होतं, पण "पैसे संपले" हे सरांसमोर म्हणवलं नाही. नोंदणी रद्द केलेली नाही.

तरी माझं मत तेच आहे. रोज साडेसातची बस पकडून रात्री आठला खोलीवर येणारा माणूस थिसिस लिहीत नाही, झोपतो. आणि यंदा पहिल्यांदा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे मी भरले. त्यापुढे कुठल्या प्रकरणाचं काय घेऊन बसता?

कॉलमवाली
ऑपरेशनवर माझ्याकडे उत्तर नाही. शाबास.

ठिपक्यांवर आहे. त्या संयुगाशिवाय तिसरं प्रकरण उभं राहतं का, बघितलंस? माझ्या थिसिसमध्ये एक पदार्थ "मिश्रण, गुणोत्तर एनएमआरवरून" (म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीवरून) असाच गेलाय, परीक्षकांनी एक प्रश्न विचारला आणि पुढे गेले. बाकीच्या संयुगांचे एनएमआर आहेत ना तुझ्याकडे?

अर्धा_डॉक्टर
आहेत. म्हणजे लॅबच्या कॉम्प्युटरवर आहेत. त्यासाठी सरांना फोन करावा लागेल.