स्वीडिश रंगीत पेटीचे पोपडे सुटतायत, वॉर्निश मारू का?

मालवणकर:
लंबगोल पेटी. पातळ पट्टी वाकवून, टोकं मुळीने शिवलेली. झाकणावर फुलं आणि 'के. ए. डी. १८४३'. निळ्या रंगाचे पोपडे सुटतायत, बुडाची फळी मधोमध चिरलीय, आत बुरशीचा वास. ओल्या फडक्याने पुसून वॉर्निशचा हात द्यावा म्हणतो.

सुतारपक्षी:
वॉर्निश नको, ओलं फडकं तर नकोच! तिकडचा जुना रंग बऱ्याचदा सरसात, म्हणजे हाडा-कातड्याच्या गोंदात, कालवलेला असतो. पाण्याने फुलं पुसली जातील. वॉर्निश त्यात मुरलं की रंग काळवंडतो, आणि मग ते काढताही येत नाही. बुडाजवळ तांदळाएवढ्या जागी दमट कापसाची काडी टेकवून बघा. निळं उतरलं तर सरसाचा रंग समजा. नाही उतरलं तर जवसाच्या तेलाचा रंग असू शकतो.

बूड चिरण्याचं कारण साधं आहे. फळी रुंदीत फुगते-आक्रसते, पण कडेला मेखांनी जखडलेली, म्हणून मध्ये फाटते. फट पुट्टीने भरू नका. पावसाळ्यात फळी फुगली की मेखाच सुटतील.

गंजिफा:
शेवटची 'डी' म्हणजे बहुधा स्वीडिश 'डॉटर', अमक्याची मुलगी, तेव्हा पेटी बाईची असावी. पुरुषाची असती तर शेवटी 'एस' ('सोन', म्हणजे मुलगा) असता. सालाचे आकडे भिंगाखाली बघा: रंग जुन्या चिरेत उतरलेला दिसला तर ते मागाहून रंगवलेत. भोपळ्याच्या वेलासारखी फुगीर पानं-फुलं असतील तर स्वीडनच्या दालार्ना प्रांताकडची 'कुर्बित्स' शैली.

सुतारपक्षी:
पोपडे बसवायला १०० मिली पाण्यात २ ग्रॅम जिलेटिन अर्धा तास भिजवा, मग गरम पाण्यात भांडं ठेवून ४५-५० अंशांपर्यंत तापवा. उकळू नका, चिकटपणा जातो. शून्य नंबरच्या ब्रशने पोपड्याच्या कडेला एक थेंब. तो आपोआप आत ओढला जातो. वर बटर पेपर ठेवून बोटाने हलकं दाबा. रंग पाण्याने उतरत असेल तर मात्र हा उद्योग जाणकारावर सोडा. करायचं ते डिसेंबर-जानेवारीत, कारण पावसाळ्यात जिलेटिनलाच बुरशी येते. बुरशी आधी घराबाहेर, मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने झाडा.

मालवणकर:
पावसाळाभर एसीच्या खोलीत ठेवली तर?

सुतारपक्षी:
एसी रात्रीपुरताच चालणार असेल तर नको. रोज कोरडं-दमट झालं की पोपडे जास्तच सुटतात. आतल्या भिंतीच्या लाकडी कपाटात, मधल्या फळीवर ठेवा. शेजारी आर्द्रतामापक असू द्या. ५०-६० टक्के उत्तम. सिलिका जेलची पुडी पेटीत टाकू नका, फळी भसकन सुकते.