आनंदमेळ्याची कुपनं मुलांच्या हाती द्यावीत का?

गोदाकाठ
आमच्या मुलांची शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. शिक्षकांचे पगार सरकार देतं, पण मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती, पाण्याची टाकी, मोडकी बाकं हे सगळं संस्थेला इकडून तिकडून पैसे उभे करून भागवावं लागतं. त्यासाठी डिसेंबरात स्नेहसंमेलनाला जोडून आनंदमेळा भरतो. यंदा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ठरतंय की प्रत्येक मुलाला 500 रुपयांचं कुपन-पुस्तक द्यायचं. 50 चं एक, अशी दहा कुपनं. खपली नाहीत तर पालकांनी ठेवून घ्यायची.

मी कडाडून विरोध केला. आमच्याकडे रिक्षा चालवणारे, पोळी-भाजी केंद्रात लाटणाऱ्या, बांधकामावर जाणारे पालक आहेत. घरात दोन मुलं असली की हजार रुपये गेले, तेही महिन्याच्या 20 तारखेला. गेल्या वर्षी कुणाची किती कुपनं खपली ते वर्गाच्या फळ्यावर लिहिलं होतं. ज्यांच्या नावापुढे शून्य होतं त्यातली काही मुलं मेळ्याला आलीच नाहीत. ज्या मुलांसाठी मेळा, तीच घरी बसली!

मेळा हवाच. पण प्रवेश फुकट असावा, खाण्याचं कुपन 10-20 रुपयांच्या वर नसावं, आणि विक्रीचं पुस्तक मुलाच्या दप्तरात जाऊ नये. तुमच्याकडे कसं करतात?

खडूफळा
मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. मांडव, ध्वनिक्षेपक, टेबल-खुर्च्यांचं भाडं वजा केलं की 10 रुपयांच्या भेळेतून हाती फार थोडं उरतं. पुस्तकं वाटली की निदान किती रक्कम येणार ते आधी कळतं, गवंड्याला शब्द देता येतो. शिवाय मुलं चार घरी जाऊन बोलायला शिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फळ्यावर नावं लिहिणं मात्र चूकच. त्या शिक्षकांना समज द्यायला हवी होती.

हिशेबवही
सर, तुमच्याविषयी आदर ठेवून सांगते, चार घरी जाऊन बोलायला शिकतं ते सोसायटीतलं मूल. वस्तीतल्या मुलाने 50 चं कुपन शेजारी कुणाला विकायचं?

आमच्या शाळेत मी तीन वर्षं मेळ्याचा हिशेब पाहिला. स्टॉलचं सामान पालक स्वतःच्या पैशाने आणतात, कांदा-टोमॅटो घरी चिरून डब्यातून आणतात, आणि संध्याकाळी तीच भेळ कुपन फाडून विकत घेणारेही तेच. एकाच खिशातून दोनदा पैसे जातात, आणि आपण म्हणतो निधी जमला.

म्हणून आम्ही मेळा दिवाळीच्या आधी आणला. पणत्या, उटणं, आकाशकंदील. हा खर्च प्रत्येक घर करतंच, तो बाजाराऐवजी शाळेत झाला. पणत्या मुलांनी चित्रकलेच्या तासाला रंगवल्या. शाळेचं फाटक गल्लीकडे उघडं ठेवलं, त्यामुळे ज्यांची मुलं आमच्या शाळेत नाहीत तेही आले. खरा फायदा त्यांच्याकडूनच झाला. जोडीला वर्षभर रद्दी गोळा करतो. तिथे गरीब-श्रीमंत प्रश्नच येत नाही, आणि नाही आणली तरी कुणी विचारत नाही.

टेकडीवरचा
लकी ड्रॉ ठेवा की! 20 रुपयांचं तिकीट, पहिलं बक्षीस मिक्सर. हातोहात खपतील.

हिशेबवही
कृपा करून नको. सरकारी परवानगीशिवाय सोडत चालवणं गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेत कलम 294-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 297. सगळीकडे सर्रास चालतं म्हणून शाळेने करू नये.

सरळमार्ग
मुळात मेळा कशाला? मांडवावर पैसे घालून पैसे मिळवायचे हा द्राविडी प्राणायाम आहे. टाकीला किती लागतात ते सूचना फलकावर लिहा आणि कार्यालयात बंद पेटी ठेवा. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं टाकावं, नाव नाही, पावतीचा आग्रह नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. लहान रक्कम मागायला लाजू नये.

खडूफळा
पैसा फंडामागे गावोगाव हिंडणारे कार्यकर्ते होते हो! नुसती पेटी ठेवून भरत नाही, मी ठेवून पाहिलीय. आणि पावती नको असं तर बोलूच नका, बिनपावतीचा पैसा शाळेत आला की संशय सुरू होतो. उलट संस्थेकडे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, 80-जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी असेल तर माजी विद्यार्थ्यांना रीतसर पावती द्या. फक्त 2000 च्या वरची रक्कम रोख घेऊ नका, तिच्यावर त्यांना करात वजावट मिळत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्यांना तर ती मिळतच नाही, तेही आधी सांगून टाका.

रानवाट
मला हे सगळंच पटत नाही. मुलींचं स्वच्छतागृह ही काय भेळ विकून करायची गोष्ट आहे? शिक्षण हक्क कायदा 2009 चा. शाळेला काय काय असलं पाहिजे त्याच्या परिशिष्टात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी लिहिलेलं आहे. पालक वर्गणी काढत राहिले तर संस्था आणि सरकार दोघेही निर्धास्त. मेळ्याऐवजी शिक्षणाधिकाऱ्यांकडे मोर्चा न्या.

गोदाकाठ
रानवाट, निवेदन आम्ही दिलंय आणि पाठपुरावाही करू. पण सातवीतल्या मुली आज दिवसभर पाणी न पिता बसतात. त्यांना कसं सांगू, निवेदनाचं उत्तर येईपर्यंत थांबा म्हणून?

सरळमार्ग, पेटी ठेवू, पण मेळा सोडणार नाही. माझ्या मुलीने गेल्या वर्षी कोकम सरबताच्या स्टॉलवर सुटे पैसे मोजून परत दिले, संध्याकाळी किती ग्लास गेले आणि साखरेला किती लागले याचा ताळा स्वतः मांडला. पुस्तकातल्या नफा-तोट्याच्या गणितांनी हे केलं नव्हतं.

हिशेबवहीताई, दिवाळीचं मनापासून पटलं. पुढच्या बैठकीत असं मांडते: मेळा दिवाळीआधी, पगार झाल्यावरच्या रविवारी. फाटक गल्लीला उघडं. स्टॉलचं सामान संघाच्या पैशाने. प्रत्येक मुलाला शाळेकडून 20 रुपयांची कुपनं फुकट, म्हणजे कुणी हात हलवत फिरायला नको. आणि मोठ्या रकमेसाठी माजी विद्यार्थी आणि बाजारपेठेतले दुकानदार, तिथे मोठी माणसं जातील, मुलं नाहीत.

खडूफळा
फुकट कुपनांचा खर्च कोण सोसणार? सहाशे मुलांचे बारा हजार होतात.

गोदाकाठ
एका दुकानदाराकडून तेवढंच मागायचं, सर. कुपनाच्या मागे त्यांचं नाव छापू.

खडूफळा
मग त्यांच्याकडून होकार आधी घ्या, कुपनं नंतर छापा. आणि टाकीला रक्कम कमी पडली तर उरलेली संस्था घालणार की नाही, हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून अध्यक्षांची सही घ्या. नाहीतर जानेवारीत तीच 500 ची पुस्तकं पुन्हा बाहेर निघतील.