ज्यूंच्या कागदकापीत सिंह-हरणं का असतात?

प्रश्न: पोलंडमधल्या जुन्या ज्यू कागदकापीचे, म्हणजे कागद कापून केलेल्या नक्षीचे, फोटो बघत होते, इतकं बारीक काम की डोळेच फिरले! पण प्रत्येकात सिंह, हरीण, गरुड, चित्ता हे चौघं दिसतातच, यामागे काही अर्थ आहे का? आणि डावी-उजवी बाजू इतकी सारखी कशी काय येते?

प्रतिसाद १: अर्थ आहे ना. पिर्के अवोत नावाच्या जुन्या ग्रंथात वचन आहे, देवाची इच्छा पाळताना चित्त्यासारखा धीट, गरुडासारखा हलका, हरणासारखा चपळ आणि सिंहासारखा बलवान हो, तेच हे चार प्राणी. सारखेपणाचं म्हणाल तर कागद मधोमध दुमडायचा, अर्ध्यावर चित्र काढायचं, फळीवर ठेवून धारदार चाकूने कापायचं आणि मग उलगडायचं, उलगडतानाचा तो क्षण मला फार आवडतो.

प्रतिसाद २: यात मिझराह म्हणून एक प्रकार असतो तो नक्की बघा, मिझराह म्हणजे पूर्व, जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करायची म्हणून घराच्या पूर्वेकडच्या भिंतीवर लावायचे. शावुओत सणाला खिडक्यांवर कागदी गुलाब चिकटवायचे ते वेगळेच.

प्रतिसाद १: हो, आणि हे काम बहुतेक पुरुष आणि धार्मिक शाळेत शिकणारी मुलं करायची. स्पेनमध्ये तर १३४५ मध्ये शेम तोव नावाच्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, लेखणी आणि कात्रीच्या भांडणावर लिहिलंय, शाई गोठली म्हणून अक्षरं कागदातून कापायची अशी ती गोष्ट!

प्रश्नकर्ती: खूप आभार! मग जुने नमुने इतके कमी का उरलेत?

प्रतिसाद २: कागद नाजूक, त्यात नाझींच्या संहारात माणसंही गेली आणि त्यांची घरंही. फार वाईट वाटतं.