मदत हवी आहे: आठवीच्या मुलांकडून गेम बनवून घेतेय. संगणक ९, मुलं ४६!

माणदेशी

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मी विज्ञान शिकवते. संगणकाचे तासही माझ्याच गळ्यात आहेत. यंदा आठवीला वर्ड-पेंट-एक्सेलचं तेच ते रहाटगाडगं नको म्हणून मुलांकडून स्वतःचा व्हिडिओ गेम बनवून घ्यायचं ठरवलं. जानेवारीत स्नेहसंमेलन असतं, तेव्हा सगळे गेम मांडायचे आणि आल्यागेल्याला खेळू द्यायचे असा बेत आहे. "गोंधळ नको" एवढ्याच अटीवर मुख्याध्यापक सर हो म्हणाले. गोंधळ सुरू झालाय, म्हणून इथे आले.

चालू संगणक ९. त्यातल्या तिघांवर विंडोज १०, बाकी सहांवर विंडोज ७ आणि २ जीबी रॅम. इंटरनेट म्हणजे माझ्याच मोबाईलचा हॉटस्पॉट. आठवड्याला दोन तास, ३५-३५ मिनिटांचे, आणि त्यातलाही सुरुवातीचा वेळ चपला काढण्यात, जागेवरून भांडण्यात आणि मशीन सुरू होण्यात जातो. यूपीएसच्या बॅटऱ्यांनी केव्हाच राम म्हटलाय. लाइट गेली की केलेलं सगळं गेलं.

स्क्रॅच वापरतेय. माहीत नसेल त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालेलं, २००७ पासून सगळ्यांना फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. कोड टाइप करायचा नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. नवं ३ नंबरचं विंडोज १० वर चालतं, जुन्या मशीनवर मी १.४ टाकलंय. आता मुलांची पंचाईत अशी की या मशीनवर केलेलं त्या मशीनवर उघडत नाही.

खरी डोकेदुखी मात्र वेगळीच आहे. पाच-पाच जणांचे गट केले. प्रत्येक गटात एक पोरगा माउस धरून बसतो तो तास संपेपर्यंत सोडत नाही. बाकीचे मागे उभे राहून "अरे तिकडं घे, तिकडं घे" करतात, आणि मुली तर खुर्चीच्या मागच्या रांगेत. तो पोरगा नाही आला की त्या दिवशी गट बंद.

दुसरं म्हणजे प्रत्येकाला फ्री फायर बनवायचाय. एका गटाने वहीत चार पानं भरून नकाशा, अठरा प्रकारच्या बंदुका, गाड्या, पॅराशूट असं सगळं काढलंय. पडद्यावर अजून एक मांजर आहे, स्क्रॅच उघडल्यावर आपोआप असतं तेच.

दोन गट मात्र मस्त चाललेत आणि त्यांच्या अडचणी मलाच सुटत नाहीत. एक मुलींचा. वरून पाण्याचे थेंब पडतात, खाली हंडा डावी-उजवीकडे सरकवून ते झेलायचे. (आमच्याकडे टँकर हा काही गोष्टीतला विषय नाही.) एक थेंब झेलला की एक गुण मिळायला हवा, पण एकदम वीस-बावीस वाढतात. मुली खूश! "मॅडम, आमचा हंडा एका थेंबात भरतो." दुसऱ्या गटाने वारीचा गेम केलाय, वारकऱ्याला खड्डे चुकवत पंढरपूरपर्यंत न्यायचं. उजवीकडे तो नीट चालतो. डावीकडचा बाण दाबला की डोक्यावर चालायला लागतो.

शाळेत असं काही केलेल्यांनी किंवा गेमच्या धंद्यातल्यांनी सांगा. गट कसे चालवायचे, आणि हे सगळं जानेवारीपर्यंत आटोक्यात कसं आणायचं?

बग्या

मी पुण्यात मोबाईल गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. आधी ते दोन बग, म्हणजे गेममधल्या चुका.

हंडा: मुलींनी "फॉरएव्हर" या सतत फिरणाऱ्या ठोकळ्याच्या आत "थेंब हंड्याला टेकला तर गुण १ ने वाढव" असं लिहिलं असणार. तो ठोकळा सेकंदाला साधारण तीस वेळा फिरतो. थेंब हंड्यातून खाली सरकेपर्यंत पाऊण-एक सेकंद टेकलेलाच असतो, म्हणून वीस-बावीस गुण. गुण वाढवला की लगेच त्याखाली थेंबाला परत वर पाठवायचं, वाय (उभी जागा) १८० ला, आणि एक्स (आडवी जागा) रँडम, म्हणजे दर वेळी कुठलीही. दुसरा थेंब वेगळा बनवायलाही नको, तोच पुन्हा पडतो. पण हे तुम्ही सांगू नका. एका मुलीला थेंब व्हायला सांगा, दुसरीला संगणक. थेंब हंड्याला हात लावून उभा, आणि संगणक दर टाळीला विचारणार "टेकलाय का? टेकलाय. एक गुण. टेकलाय का? टेकलाय. एक गुण." चौथ्या टाळीला कुणीतरी ओरडेलच.

वारकरी: चित्र दिशेप्रमाणे गोल फिरतंय, म्हणून डावीकडे वळताना उलटं होतं. फिरण्याची पद्धत फक्त डावी-उजवी करा. नव्या स्क्रॅचमध्ये त्यासाठी ठोकळा आहे, १.४ मध्ये वरती चित्राच्या शेजारी छोटी बटणं आहेत.

आता अठरा बंदुका. आमच्या ऑफिसात पगारी माणसंसुद्धा हेच करतात, त्यामुळे पोरांवर रागावू नका. त्या गटाला तीन वाक्यं लिहायला लावा: खेळणारा कोण आहे, तो काय करतो, आणि कशाने हरतो. चौथं वाक्य लिहायचं नाही. ही तीन पडद्यावर चालली आणि दुसऱ्या गटातल्या कुणीतरी न विचारता खेळून दाखवलं, की मग पुढची गोष्ट. बंदूक हवीच असेल तर एक घ्या, तिच्यातून एकच वस्तू सुटू दे आणि समोरून एकच वस्तू येऊ दे.

मुलांना पाँग या जुन्या व्हिडिओ गेमची गोष्ट जरूर सांगा. १९७२ साली अटारी कंपनीत अ‍ॅलन अल्कॉर्न नावाचा नवा इंजिनिअर आला. कंपनीच्या संस्थापकांपैकी नोलन बुशनेलने त्याला हात बसावा म्हणून एक सरावाचं काम दिलं: दोन फळ्या, एक चेंडू. सराव आहे हे त्याला सांगितलं मात्र नाही. अल्कॉर्नने त्यात स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट घातली. फळीचे आठ भाग केले, आणि चेंडू कुठल्या भागावर आदळतो त्यावर तो कुठल्या कोनात उडणार ते ठरवलं. मधे लागला तर सरळ, कडेला लागला तर तिरपा. लोकांनी त्या खेळात रांगा लावून नाणी टाकली. तेव्हा गंमत दुसऱ्या लेव्हलमध्ये शोधायची नाही, आहे त्या फळीत शोधायची. हंड्याच्या गटाला विचारा की थेंब हंड्याच्या काठावर पडला तर काय व्हावं. बघा काय काय सुचतं.

तिरकस

स्क्रॅच म्हणजे लहान मुलांचं खेळणं आहे हो. आठवीच्या मुलांना सरळ पायथॉन ही कोड टाइप करायची भाषा शिकवा, तिच्यातल्या पायगेममध्ये गेम करू द्या. पुढे उपयोगी तरी पडेल.

माणदेशी

तिरकस, आमच्याकडे इंग्रजी टाइप करताना मुलं एकेक अक्षर कीबोर्डवर शोधतात. कोलन राहिला म्हणून ३५ मिनिटं जातील आणि पडद्यावर काहीच हलणार नाही. ज्यांना पुढे जायचंय त्यांना नववीत देईन. बग्या, थेंब आणि संगणकाचं नाटक उद्याच करते.

गणितवाले

मीही मास्तर, कोल्हापूरकडचा. आमच्या शाळेत हा खेळ दोन वर्षं चाललाय. गटाबद्दल थोडं लांब लिहितो, क्षमस्व.

पाच जण एका मशीनवर बसवूच नका. दोघे मशीनवर, बाकी तिघे कागदावर. मशीनवरच्या दोघांतला एक हात, एक तोंड. हाताने माउस धरायचा, पण स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. तोंडाने सांगायचं, माउसला बोट लावायचं नाही. आठ मिनिटांनी मी टेबलावर डस्टर आपटतो, की अदलाबदल. मागच्या तिघांतले दोघे पुढे येतात. पहिल्या आठवड्यात भांडणं झाली, माउस ओढून घेणं झालं, एकाने तर "सर, मला सांगता येत नाही, मला करता येतं" म्हणून रडायचंच बाकी ठेवलं होतं. तोच मुलगा आता सगळ्यांत चांगलं सांगतो, कारण सांगायचं म्हणजे आधी डोक्यात नीट लावावं लागतं. तुमच्या माउसवाल्या पोराला तोंडाच्या खुर्चीवर जरा जास्त बसवा.

कागदावरच्यांनी रिकामं बसायचं नाही. एकाकडे बगांची वही: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एक जण चित्रं काढतो, एक जण दुसऱ्या गटाचा गेम खेळून येतो. खेळताना त्या गटाने एक शब्द बोलायचा नाही. हे त्यांना फार जड जातं! पाहुण्याने चुकीचं बटण दाबलं की "अरे तसं नाही रे" तोंडातून येतंच. पण सगळ्यांत जास्त शिकणं तिथेच होतं. पाहुणा अडकला तर दोष गेमचा.

आणि लॅबबाहेरच्या तासांचं काय? स्क्रॅचचा पडदा ४८० बाय ३६० असतो, मधला बिंदू शून्य-शून्य. एक्स उणे २४० ते २४०, वाय उणे १८० ते १८०. मी व्हरांड्यात खडूने दोन अक्ष आखतो, एक पाऊल म्हणजे ६०. एका मुलाला उभं करायचं आणि इतरांनी ठोकळे वाचायचे: "एक्स उणे १२०, वाय ६० ला जा." निर्देशक भूमिती आपल्याकडे नववीत येते, पण या पोरांचा उणे एक्स आठवीतच पक्का होतो. डावीकडे जायचं तर वजा करायचं, हे पाठ करून घ्यावं लागत नाही, आपला वारकरी भलतीकडे गेला की कळतं. एसीएम इंडियाचा सीएसपाठशाळा म्हणून उपक्रम आहे, संगणकाशिवाय संगणकीय विचार शिकवण्याचं साहित्य त्यांच्याकडे मिळेल. लाइट गेलेल्या दिवसासाठी हाताशी असू द्या.

माणदेशी

हात आणि तोंड! हे असंच्या असं उचलते.

आणखी दोन गोष्टी. परवा एक पालक भेटले. "मोबाईल सुटावा म्हणून आम्ही घरी जिवाचं रान करतो आणि तुम्ही शाळेतच गेम शिकवता?" माणूस भला आहे, म्हणणंही खोटं नाही, मला पटकन उत्तर देता आलं नाही. आणि सरांना गुण हवेत. गेमला गुण द्यायचे कशावर? एका मुलाने कुठूनतरी तयार गेमच आणलाय, इतका देखणा की बाकीचे गट हिरमुसलेत.

शाळाबाह्य

मी शिक्षक नाही, एका सातवीतल्या मुलाची आई. माझाही असाच विरोध होता. मुलाच्या शाळेत बोलावलं म्हणून गेले. मुलाने गेम दाखवला, मी हरले, म्हणाले "फार जोरात येतंय ते." तो म्हणाला "थांब," आणि माझ्यासमोर वेगाच्या आकड्यात आठाचे चार केले. बस्स. तेवढ्याने माझा विरोध निम्मा झाला. तेव्हा पालकसभेत भाषण देऊ नका, पालकांना हरवा आणि त्यांनी सांगितलेला एक बदल मुलांकडून तिथल्या तिथे करून घ्या. उरलेला निम्मा विरोध अजून आहे. घरी "प्रोजेक्ट करतोय" सांगून तासन् तास दुसऱ्यांचे गेम खेळणं चालतं. घरचा अभ्यास म्हणून स्क्रॅच देऊ नका, एवढी विनंती.

बग्या

गुणांचं उत्तरही यांच्याच बदलात आहे. गेम देखणा आहे का ते बघू नका. प्रत्येक मुलाला एकेकटं बसवा आणि सांगा, "थेंब हळू पाड," "तीनदा चुकल्यावर गेम संपव." स्वतः बनवलेल्याला कुठला ठोकळा हलवायचा ते माहीत असतं, आणलेल्याला नसतं. त्या मुलाला चोर मात्र ठरवू नका. स्क्रॅचच्या साइटवर दुसऱ्याचा गेम घेऊन त्यात भर घालायला परवानगीच आहे, मूळ कुणाचा ते लिहायचं आणि आपलाही तसाच खुला ठेवायचा. त्याने मूळ करणाऱ्याचं नाव लिहावं आणि स्वतःचे दोन बदल करून दाखवावेत. गुण त्या दोन बदलांना.

लिनक्सबुवा

व्हर्जनच्या घोळाबद्दल कुणीच बोललं नाही. १.४ मधली फाइल स्क्रॅच ३ मध्ये उघडते, उलटं होत नाही. शिवाय १.४ मध्ये क्लोनचा ठोकळाच नाही, त्यामुळे एकाच थेंबाचे दहा थेंब करायचे म्हटलं की मुली अडतील. टर्बोवार्प डेस्कटॉप टाकून बघा. स्क्रॅचच्याच फाइली उघडतं, इंटरनेट लागत नाही, आणि विंडोज ७ साठी त्यांची वेगळी जुनी आवृत्ती मिळते. एकदा हॉटस्पॉटवर उतरवून पेन ड्राइव्हने सहाही मशीनवर चढवा. त्याला वेबजीएल (पडद्यावर चित्रं काढण्यासाठी ग्राफिक्स वापरायची सोय) लागतं, फार जुन्या ग्राफिक्सवर चालणार नाही, म्हणून आधी एकाच मशीनवर टाकून खात्री करा. २ जीबीत चालेल, पण सोबत दुसरं काही उघडं ठेवू नका.

टर्बोवार्पचंच पॅकेजर म्हणून एक साधन आहे, ते अख्ख्या गेमची एकच एचटीएमएल फाइल करून देतं. ती मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालते, म्हणजे स्नेहसंमेलनात ९ मशीनवर झुंबड व्हायला नको. फक्त मोबाईलला बाणाची बटणं नसतात. हंडा बाणांऐवजी माउसच्या एक्सप्रमाणे सरकवायला सांगा, मग बोटानेही सरकतो. वारीच्या गटाला पडद्यावर दोन बाण काढून ते दाबण्याची सोय करावी लागेल.

लाइटचं: डस्टर वाजला की अदलाबदलीआधी कंट्रोल-एस. त्यामुळे गेलं तरी आठ मिनिटांचंच काम जाईल. दर वेळी त्याच नावावर सेव्ह करू नका. हंडा१, हंडा२, हंडा३ असं चढतं नाव द्या. सेव्ह होतानाच लाइट गेली आणि फाइल बिघडली तर मागची तरी हाती राहते. तासाच्या शेवटी सगळं पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह मुलांकडे नको, तुमच्या कपाटात.

माणदेशी

लिनक्सबुवा, आज विंडोज ७ च्या एका मशीनवर टाकून पाहिलं. उघडायला वेळ घेतं, पण मुलींच्या १.४ मधल्या हंड्याची फाइल उघडली आणि चालली. उद्या उरलेल्या पाचांवर चढवते. पॅकेजरचं काही अडलं तर इथेच विचारते.