शिक्का लक्षात राहिला, तो कोणी मारला हे विसरलो

मूळ मत (मिरज)

सप्टेंबर 2022 मध्ये जत तालुक्यातील लवंगा गावी पंढरपूरला निघालेल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला आणि मुले पळवणारी टोळी समजून गावकऱ्यांनी त्यांना मारहाण केली. त्याआधी 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच जणांना याच संशयावरून जमावाने ठार मारले होते. ती हत्या आपण चार वर्षांत विसरलो. फिरस्त्या माणसाचा संशय मात्र विसरलो नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि पुढे तो मुंबई इलाख्यात आल्यावर आपल्याकडील कैक कुटुंबांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागली. देशभरात तो 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. लोकांना संशय आठवतो, तो सरकारने लेखी लादला होता हे आठवत नाही, आणि या अर्धवट विस्मरणावरच पूर्वग्रह पोसला जातो, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (कराड)

हे मला पटत नाही, कारण पूर्वग्रहाला इतिहासाची गरजच नसते. हॅमिल्टन आणि गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये लोकांना 39 वाक्ये वाचायला दिली. 26 ‘अ’ गटातील माणसांविषयी, 13 ‘ब’ गटातील माणसांविषयी. चांगल्या आणि वाईट वर्तनाचे प्रमाण दोन्हींत 9:4 असे सारखेच होते, तरीही वाचणाऱ्यांनी लहान गटाच्या माथी अधिक वाईट कृत्ये मारली. तेथे ना जात होती, ना कायदा. क्वचित दिसणारा माणूस आणि क्वचित घडणारे कृत्य एकत्र आले की ती जोडी मनात पक्की बसते. मग जुने कागद उकरून काय साधणार?

उत्तर (फलटण)

मी रामोशी समाजातला आहे आणि माझी हरकत वेगळी आहे. आमच्या मुलांची ओळख करून देताना दर वेळी ‘पूर्वी गुन्हेगार ठरवलेली जमात’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या मनात ‘गुन्हेगार’ हाच शब्द उरतो. काही गोष्टी विसरल्या जाव्यात, हाही आमचा हक्क आहे.

मूळ लेखकाचे प्रत्युत्तर (मिरज)

फलटणच्या बंधूंची हरकत मी मनापासून मानतो; मुलाच्या ओळखीला तो कायदा चिकटवू नये. पण कायदा करणाऱ्यांच्या इतिहासात तरी तो नोंदलेला राहिला पाहिजे. कराडकरांच्या प्रयोगातून समजूत कशी जन्मते ते कळते. चोरी झाल्यावर पोलीस ठरावीक वस्तीवरच का जातात, हे त्यातून कळत नाही, कारण त्यामागे जुन्या नोंदींचे दप्तर आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी रद्द केल्या आणि विमुक्त जमातींतील, म्हणजे त्या गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्यातून मुक्त झालेल्या समाजांतील, व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. ते जुने कागद उकरल्याशिवाय हा निकाल लागलाच नसता.

आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी फाशी गेलेल्या उमाजी नाईकांना आपण अभिमानाने वंदन करतो, तेव्हा त्यांचा रामोशी समाज पिढ्यान्‌पिढ्या गावांची आणि किल्ल्यांची रखवाली करत होता, हे का सांगत नाही?

उत्तर (फलटण)

रखवालीचे जरूर सांगा. तेवढे सांगितले, तरी आमच्या मुलांना पुरे आहे.