रक्तमांस आणि हसू: तुमच्या आवडत्या भयकथांचे अनुभव

रानजाई
काल माळा आवरताना चांदोबाचे जुने अंक हाती लागले. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण शंकर यांचं ते चित्र शाबूत आहे. उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत. आजोबा जेवणं झाली की वाचून दाखवायचे, आणि अंक संपला की मूळ वेताळपंचविशीतली एखादी सांगायचे. चार भावांची माझी सगळ्यांत लाडकी. रानात सापडलेल्या हाडावर एकाने मांस चढवलं, दुसऱ्याने कातडी आणि केस, तिसऱ्याने बाकीचे अवयव, चौथ्याने प्राण घातला. सिंह उठला आणि चौघांनाही खाऊन टाकलं. आणि वर प्रेताच्या तोंडून वेताळ शांतपणे विचारतो, पाप कुणाला लागलं? आठ वर्षांची मी हसून गडाबडा लोळले. आई म्हणाली, "चार माणसं मेली आणि ही हसते!" आजोबा म्हणाले, "हसू दे. तिला गोष्ट कळली."
रक्तमांस आणि हसू एकाच घासात देणाऱ्या गोष्टी मला अजूनही फार आवडतात. तुम्हाला ही गोडी कुठून लागली? लिहा ना.

खलबत्ता
मुंडक्यांची अदलाबदल!!! नवरा आणि भाऊ दोघंही देवीपुढे मुंडकी उतरवून मोकळे, ती गळफास घ्यायला निघते, देवी म्हणते जोड परत, आणि ही आनंदाच्या घाईत नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर बसवते. राजा म्हणतो डोकं ज्याचं तो नवरा. आमच्या ताईला हे उत्तर तीस वर्षं मान्य नाही. "सप्तपदी पायांनी घातली ना?" गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी पुन्हा तोच वाद, भाऊजी चकली हातात धरून गप्प ऐकत होते.

फुलपात्र
ताईंना माझा नमस्कार सांगा, बरोबर आहे त्यांचं.
माझं म्हणजे तात्या विंचू. १९९३, आईच्या पदराआडून पाहिला झपाटलेला. बाहुला रामदास पाध्यांचा हे कळल्यावर तर जास्तच टरकले, कारण त्यांचा अर्धवटराव घरात सगळ्यांचा लाडका. ओरडायचं आणि हसायचं एकदमच यायचं. कुकर झालाय, येते.

रात्रपाळी
मी अपघात विभागात परिचारिका आहे. रोज रक्त बघूनही घरी जाऊन नारायण धारप वाचते, लोकांना नवल वाटतं. वॉर्डातल्या रक्ताचं कधीच हसू येत नाही. तिथे नातेवाईक बाहेर उभे असतात. गोष्टीतल्या रक्तामागे कुणी रडणारं नसतं, आणि पुस्तक मिटलं की सगळं मिटतं. मला तेवढं हवं असतं.

कातरवेळ
मी पूर्वी खूप वाचायचो. बाबा गेले, अस्थी मीच वेचल्या, त्यानंतर हाडांचं वर्णन आलं की पान उलटतो. चार भावांची गोष्ट वर वाचली तेव्हा मात्र हसलो. तीन वर्षांत पहिल्यांदा.

रात्रपाळी
@कातरवेळ, सावकाश घ्या. पुस्तकं कुठे जात नाहीत.

सुरंगीचो वळेसर
तुमचा वेताळ झाडावर लटकतो, आमचा गावात राखण करतो हो. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाला भल्यामोठ्या वहाणा वाहतात. रात्री गावात फिरतो म्हणून त्या झिजतात, असं आजी सांगायची. केळ्यांचे घडही देतात. गोव्यात आमोण्यालाही बेताळ आहे. लहानपणी मला वहाणांच्या मापाचंच हसू यायचं आणि रात्री अंगणात काही वाजलं की त्याच वहाणा आठवायच्या.

खलबत्ता
काय सुंदर! मे महिन्यात कुडाळला येतोय, तिथून आरवली लांब आहे का?

सुरंगीचो वळेसर
नाही हो, सकाळी निघून दुपारी जेवायला परत. माशांचं सांगून ठेवा आधी.

फुलपात्र
आले परत. @रानजाई, ते अंक आधी दोन दिवस उन्हात ठेवा, मग पानांत कडुलिंबाचा पाला. आणि पाप शेवटी कुणाला लागलं ते सांगा, लेक मागे उभं राहून विचारतोय.

रानजाई
ज्याने प्राण घातला त्याला. बाकीच्या तिघांना आपण काय घडवतोय ते कळलंच नव्हतं, त्याच्या समोर मात्र अख्खा सिंह होता. राजा हे बोलला आणि वेताळ पुन्हा झाडावर. लेकाला म्हणावं, उद्या मुंडक्यांची.